भाता, बॉयलर आणि हवेची टाकी

मराठीत लोहाराच्या हवा फुंकण्याच्या साधनास ‘भाता’ म्हणतात. संस्कृत ‘भस्त्रा’ या शब्दापासून आलेला हा शब्द कातड्याच्या पिशवीचे आणि मनुष्याच्या हाताचे स्मरण देतो. भात्यातील हवेचा जोर तो ओढणाऱ्याच्या बाहुबलाहून अधिक असू शकत नाही, आणि पिशवी फाटली तर हवा निघून जाते, एवढेच. उलट ‘हवा’ हा अरबी मूळचा व फारसीमार्गे रुळलेला शब्द मराठी वाक्प्रचारांत पोकळपणाचाच वाचक झाला आहे. हवेत इमले बांधले जातात आणि गर्विष्ठाच्या डोक्यात हवा जाते. लोखंडी टाकीत दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाबाने कोंडलेल्या द्रव्यासही व्यवहारात हाच शब्द लावला जातो, आणि टाकीविषयीच्या बेफिकिरीचा काही अंश तरी या नामसाम्यातून आला असावा, असे मानण्यास जागा आहे.

दाबलेली हवा मोठ्या प्रमाणावर कामास लावण्याचा पहिला भव्य प्रयोग आल्प्स पर्वतात झाला. माँ सनी बोगद्याचे खोदकाम १८५७ साली हातांनी सुरू झाले. १८६१ च्या आरंभी इटलीकडील बार्दोनेक्किया येथे जर्मेन सोमेये या अभियंत्याची हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे कामाला लागली. बारा किलोमीटरांहून लांब अशा या बोगद्यात वाफेचे यंत्र नेणे म्हणजे कामगारांना धुराने गुदमरविणे होते. हवेचे तसे नव्हते. यंत्रातून सुटलेली हवा कामगारांच्या श्वासासही उपयोगी पडे. डिसेंबर १८७० मध्ये दोन्ही बाजू मिळाल्या, आणि पुढील वर्षी, बोगदा खुला होण्यापूर्वी काही आठवडे, सोमेये मरण पावला.

हवा दाबली की तापते, ही गोष्ट या काळातील अभियंत्यांना नडत होती. ३० अंश सेल्सिअसची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता एकाच टप्प्यात आठपट निरपेक्ष दाबास नेली, तर गणिताने तिचे तापमान २७० अंशांच्या आसपास जाते. गॉटहार्ड बोगद्याच्या कामी (१८७२–१८८२) दान्येल कोलादों याने संपीडकाच्या नळकांड्यातच पाण्याचा फवारा सोडून यावर उपाय केला. पुढे पाण्याऐवजी बाहेरून पंख्याच्या वाऱ्याने थंड होणारे, आत तेलाचे वंगण असलेले लहान संपीडक आले. सुवाह्य यंत्राला हे सोयीचे होते. पण तापलेल्या झडपेवर आणि निर्गमनळीत तेलाची काजळी साचू लागली, आणि काजळी पेटल्याने संपीडकांत स्फोट झाल्याची उदाहरणे खाणींच्या इतिहासात नमूद आहेत. तेल ठरलेल्या पातळीपर्यंतच व ठरलेल्या जातीचे घालावे, हवा घेणारी गाळणी व नळकांड्याचे पंखे धुळीने बुजू देऊ नयेत, या साध्या सूचनांचा उगम या अनुभवांत आहे.

सुरक्षेच्या नियमांचा इतिहास मात्र हवेचा नव्हे, वाफेचा आहे. दनी पापँ याने १६७९ च्या सुमारास आपल्या पाचकपात्रावर वजनाने दाबून धरलेली झडप बसविली. सुरक्षा झडपेचा पूर्वज तोच. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेत ब्रॉक्टन येथील बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसे दगावली. त्यानंतरच्या चळवळीतून अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलरविषयक संहिता १९१४–१५ मध्ये सिद्ध झाली. विस्तव न लावलेल्या दाबपात्रांसाठी, म्हणजे हवेच्या टाकीसारख्या भांड्यांसाठी, तिचा स्वतंत्र विभाग यावयास १९२५ साल उजाडले. भारतातही क्रम असाच दिसतो. १८६३ च्या कलकत्त्यातील स्फोटानंतर १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला आणि १९२३ साली अखिल भारतीय अधिनियम आला. दाबाखाली चालणाऱ्या सर्वच यंत्रांत सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये हे बंधन घालणारे ३१ वे कलम १९४८ च्या कारखाने अधिनियमात आले. जेथे विस्तव दिसतो तेथे कायदा आधी पोहोचला. शिवाय यंत्रशक्ती वापरणाऱ्या, दहा वा अधिक कामगारांच्या जागेसच तो अधिनियम सामान्यतः ‘कारखाना’ म्हणत असे. रस्त्याकडेचा पंक्चरवाला आणि त्याची टाकी या व्याख्येबाहेरच राहिली.

या टाकीचा खरा शत्रू पाणी आहे. कोकणातील पावसाळी हवेच्या एका घनमीटरात, ३० अंशांवर, सुमारे ३० ग्रॅम वाफ असू शकते. तीच हवा आठपट दाबून पुन्हा ३० अंशांस आली की जेमतेम ४ ग्रॅम वाफ धरू शकते. उरलेले पाणी होऊन टाकीच्या बुडाशी बसते. म्हणजे दहा घनमीटर हवेमागे पाव लिटर पाणी. बुडाचा कॉक रोज काम संपल्यावर, दाब उतरवून, उघडला नाही, तर हे पाणी तेथेच राहते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरचा रंग शाबूत असतो, दाबमापकाचा काटा नेहमीच्याच ठिकाणी येतो, आणि पत्र्याची जाडी मात्र वर्षानुवर्षे घटत जाते. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या झाकणावर ७ किलोग्रॅम दाबाने पडणारा एकूण भार पावणेनऊ टनांच्या आसपास असतो. गंजलेल्या जागी गळती दिसली की ठिगळ डकवून घेण्याची पद्धत आढळते. ती घातक आहे, कारण एक भोक म्हणजे सभोवारचा पत्रा विरल्याची खूण असते. अशी टाकी मोडीतच काढावी लागते. टाकीची कसोटी हवेने न घेता पाण्याने घेतात त्याचे कारणही येथे सापडते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. भांडे फाटले तर पाणी सांडते. दाबलेली हवा फाटेतून प्रसरण पावत सुटते आणि पत्रा सोबत नेते.

सुरक्षा झडप वारंवार सुटते म्हणून तिची स्प्रिंग आवळणे हा प्रकारही याच अज्ञानातला. झडप सुटते ती बहुधा दाब ठरल्या जागी यंत्र बंद करणारा स्विच बिघडल्यामुळे. दुरुस्त करावयाचा तो स्विच. झडपेची कडी अधूनमधून ओढून ती अडकलेली नाही एवढे पाहावे लागते. पट्ट्यावरील जाळी, विजेच्या तारेचे भूसंपर्कन आणि पेट्रोलवर चालणारे यंत्र बंद खोलीत न लावणे, यांविषयी विशेष सांगावयास नको.

हवेच्या झोताने कपड्यांवरील धूळ झटकण्याची सवय सर्वत्र आहे. अमेरिकेत १९७१ नंतरच्या नियमांनी सफाईच्या झोतावर दर चौरस इंचास ३० पौंडांहून कमी दाबाची मर्यादा घातली आणि झोतापुढे आडोसा आवश्यक केला. त्याहून दारुण प्रकार नळी एखाद्याच्या शरीरास लावून केलेल्या चेष्टेचा. अशा हवेने आतडे फाटल्याची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९०४ सालीच आली. भारतातील कारखान्यांतून तशा मृत्यूंच्या वार्ता आजही येतात, आणि करणारे बहुधा मृताचे सोबतीच असतात. त्यांनी आत सोडलेल्या वस्तूचे नाव त्यांच्या लेखी ‘हवा’ एवढेच होते.