मार्गावरील शिळा आणि त्यांचे स्थान : ठाणे-कल्याण परिसरातील गद्धेगाळांच्या अभ्यासाची एक दिशा

उत्तर कोकणच्या शिलाहारकालीन इतिहासाची साधने सांगताना ताम्रपट, मंदिरांवरील लेख आणि परकीय प्रवाशांचे वृत्तांत यांचा उल्लेख प्रथम होतो. गावाच्या वेशीवर, शेताच्या बांधाला, तळ्याच्या काठी अथवा जुन्या वाटेच्या कडेला उभ्या असलेल्या कोरीव शिळांची पाळी सामान्यतः शेवटी येते. जिच्यावर लेख असेल तिचा लेख उतरून घेतला जातो, राजाचे नाव व शक यांची नोंद होते, आणि तेथेच तिच्याविषयीची जिज्ञासा संपते. ज्या जागी ती शिळा उभी होती ती जागा मात्र अभ्यासाचा विषय होत नाही. वस्तुतः अशा शिळेचे स्थान हाही तिच्या पुराव्याचाच एक भाग असतो. ठाणे, कल्याण व भिवंडी या परिसरातील काही ज्ञात लेखांच्या आधारे हे विधान तपासून पाहता येते.

१. ताम्रपट आणि शिळा

इ.स. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असता शिलाहार राजा अरिकेसरी याचे शके ९३९ (इ.स. १०१७) चे ताम्रपट मिळाले. बंगालमधील एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात त्यांचे भाषांतर प्रसिद्ध झाले. म्हणजे भारतीय लेखविद्येच्या अगदी आरंभीच्या कार्यात ठाण्याला स्थान मिळाले. दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा या ताम्रपटात सांगितल्या आहेत. पूर्वेस एक गाव व डोंगरावरून पडणारे पाणी, पश्चिमेस नदी, अशी त्या सीमांची पद्धत आहे. छित्तराज याचे शके ९४८ (इ.स. १०२६) चे ताम्रपट भांडुप येथे सापडले. त्यांत षट्षष्टि, म्हणजे आजच्या साष्टीतील एका शेताचे दान असून सीमा सांगताना ‘राजपथा’चा निर्देश येतो. हा राजपथ मुंबईहून ठाण्यास जाणाऱ्या पुढील काळातील रस्त्याच्याच सुमारास असावा, असे मत ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मांडले गेले. एका शेताच्या सीमेवरून सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या मार्गाचा अंदाज बांधता यावा, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि ताम्रपटाच्या साक्षीला एक मर्यादा आहे. ताम्रपट हा दान घेणाऱ्याच्या हाती द्यावयाचा दस्तऐवज होय. तो कडीत ओवून, पेटीत अथवा भिंतीत जपून ठेवला जाई. वंशजांबरोबर तो दुसऱ्या गावी जाई, संकटकाळी पुरला जाई. यास्तव तो जेथे सापडला तेथेच दान दिलेली भूमी होती असे गृहीत धरता येत नाही. तो कोठलाही असला तरी सीमा आपल्या मजकुरातच बाळगतो, कारण त्याला फिरावयाचे असते.

शिळेचे कार्य याहून भिन्न आहे. ती दान घेणाऱ्यासाठी नसून वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, शेजारच्या शेतकऱ्यासाठी, कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आणि पुढे येणाऱ्या राजासाठी असते. ताम्रपट हक्क सिद्ध करतो, शिळा तो हक्क जाहीर करते. जाहीर करण्याचे हे कार्य एका विशिष्ट जागी उभे राहिल्यानेच पार पडते. म्हणून शिळेचा मजकूर पुष्कळदा त्रोटक असतो, आणि जे मजकुरात नसते ते तिच्या उभे राहण्याने सांगितलेले असते.

२. गद्धेगाळाची रचना

या शिळांपैकी ‘गद्धेगाळ’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार उत्तर कोकणात विशेष आढळतो. नावातील ‘गाळ’ म्हणजे शिवी. शिळेच्या माथ्यावर चंद्र व सूर्य, क्वचित त्यांच्या मध्ये कलश, मध्यभागी दानाचा लेख, आणि तळाशी गाढव व स्त्री यांचे शिल्प अशी तिची सामान्य रचना असते. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालावे हा वरच्या चिन्हांचा अर्थ होय. जो कोणी हे दान मोडील त्याच्या मातेची अशी विटंबना होईल, हा खालच्या शिल्पाचा अर्थ होय. काही शिळांवर लेख मुळीच नसतो. त्यांत केवळ वरची चिन्हे व खालची शापवाणी एवढेच दिसते.

ही रचना अश्लील म्हणून टाकून देण्यासारखी नाही, तसेच केवळ कुतूहलाची वस्तू म्हणूनही तिच्याकडे पाहता येत नाही. तिच्यात एकाच आज्ञेचे तीन स्तर एकत्र आले आहेत. संस्कृत लेख वाचू शकणारा वर्ग थोडा, मराठी ऐकून समजणारा त्याहून मोठा, आणि चित्र पाहून समजणारा सर्वांत मोठा. परळ येथे मिळालेला अपरादित्याचा शके ११०८ (इ.स. ११८७) चा शिलालेख या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यातील दानाचा भाग संस्कृतात असून अखेरचा शाप मात्र लोकभाषेत, म्हणजे मराठीत आहे, आणि खाली गाढवाचे शिल्प आहे. दानाचा तपशील विद्वानांच्या भाषेत, धाक लोकांच्या भाषेत, आणि तोच धाक निरक्षरांसाठी चित्रात, अशी ही योजना दिसते. मराठीच्या लेखनाचे जे आरंभीचे पुरावे शिळांवर मिळतात त्यांत शापवचनांचा वाटा का मोठा असावा, याचेही उत्तर येथे मिळते. ज्याला उद्देशून धमकी द्यावयाची त्याला ती समजली पाहिजे.

शापाची ही तीव्रता राजसत्तेच्या सामर्थ्यापेक्षा तिच्या मर्यादेचीच द्योतक आहे. शिलाहार राजे आपल्या लेखांत पुरीप्रमुख चौदाशे गावांच्या कोकणावर सत्ता सांगतात. परंतु प्रत्येक शेताच्या बांधावर राजाचा अधिकारी उभा राहू शकत नाही, आणि आपल्या मागून येणारा राजा आपले दान पाळील याची हमीही कोणास देता येत नाही. ज्या ठिकाणी दंडाचा हात पोहोचत नाही त्या ठिकाणी लज्जा व भय यांना उभे करावे लागते.

३. स्थानाची साक्ष

परळच्या लेखातच स्थानाचा प्रश्न ठळकपणे उभा राहतो. लेखातील उत्पन्न षट्षष्टीतील माहवली या गावच्या एका वाडीचे आहे. इतर कर वगळून तिच्या उत्पन्नापैकी चोवीस द्रम्म दर्भावतीच्या वैद्यनाथाच्या पंचोपचार पूजेसाठी लावून दिले आहेत. गाव साष्टीतले, आणि शिळा मात्र मिळाली मुंबई बेटावरील परळ येथे. मग शिळा मूळची तेथेच होती काय, की नंतर कोणी ती तेथे आणली? तेथेच असल्यास दान जाहीर करण्याची जागा भूमीपासून दूर का निवडली? आणली असल्यास माहवलीचे स्थान ठरविताना तिचा उपयोग कितपत करावा? लेखाचे प्रत्येक अक्षर लागले तरी या प्रश्नांची उत्तरे अक्षरांतून मिळत नाहीत.

याच्या उलट, भिवंडी तालुक्यातील लोनाड येथे अपरादित्याचाच शके ११०६ (इ.स. ११८४) चा शिलालेख १८८२ साली उजेडात आला. त्याच परिसरातील चौधरपाडा येथे केशिदेवाचा शके ११६१ चा लेख आहे. कल्याण व भिवंडी यांच्या दरम्यानच्या एकाच टापूत अर्ध्या शतकाच्या अंतराने दोन राजांचे लेख असावेत, जवळच जुने मंदिर व लेणे असावे, यावरून त्या टापूचे महत्त्व सूचित होते. हा निष्कर्ष कोणत्याही एका लेखाच्या मजकुरातून निघत नाही. लेख एकमेकांच्या सान्निध्यात आहेत एवढ्यावरूनच तो निघतो. त्यांपैकी एक जरी स्थान न नोंदविता हलविला गेला असता तरी हे सान्निध्य नाहीसे झाले असते.

जागेवर टिकून राहिलेल्या लेखाचा आणखी एक लाभ अंबरनाथच्या शिवमंदिरात दिसून येतो. तेथील उत्तर द्वारावरील मामवाणीच्या लेखाचा शक प्रारंभी ७८२ असा वाचला गेला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ (इ.स. १०६०) असा निश्चित केला. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचा काळ दोनशे वर्षांनी बदलला. मंदिराची घडण, शिल्पशैली आणि लेख ही तिन्ही एकत्र असल्यामुळेच असे वाचन सर्व बाजूंनी पडताळून पाहता येते.

शिळेच्या स्थानाविषयीची गृहीते किती फसवी असू शकतात याचे उदाहरण प्राचीन बाबिलोनियाच्या ‘कुदुर्रू’ नामक शिळांत मिळते. त्यांवरही भूमिदानाचा मजकूर, माथ्यावर सूर्य-चंद्रादी देवतांची चिन्हे आणि दान मोडणाऱ्यास शाप असतात. त्या शेताच्या सीमेवर उभ्या असत असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु अलीकडील संशोधनानुसार त्या बहुधा मंदिरांत ठेवल्या जात. सांगण्यासारखे साम्य असूनही दोन्हींचे सामाजिक कार्य एकच होते असे यामुळे म्हणता येत नाही. कोकणातील शिळांपैकी किती सीमेवर, किती वाटेवर व किती मंदिराच्या आवारात होत्या हे ठरविण्यास अनुमान नव्हे, नोंदीच पाहिजेत.

४. लेखरहित शिळा

जिच्यावर अक्षरच नाही अशा शिळेच्या बाबतीत तर स्थानाखेरीज दुसरा आधार जवळजवळ उरत नाही. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळ याचे प्रसिद्ध उदाहरण होय. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये या सहा शिळांचे वर्णन आले, त्या काळी साष्टी ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. वल्ह्यांच्या नौकांच्या रांगा, जहाजावरील युद्ध आणि वीरांचे स्वर्गारोहण त्यांत कोरलेले आहे. यादव राजा महादेव व शिलाहार सोमेश्वर यांच्यातील इ.स. १२६५ च्या सुमाराच्या संघर्षाशी काहींनी त्यांचा संबंध जोडला, तर काहींनी शैलीवरून त्यांना अधिक प्राचीन ठरविले. नौकायुद्धाची ही शिल्पे खाडीच्या प्रदेशातच उभी आहेत, ही गोष्ट या चर्चेचा पाया आहे. त्याच शिळा देशावरील एखाद्या संग्रहालयात, मूळ ठिकाणाच्या नोंदीवाचून असत्या तर चर्चा सुरू करणेही कठीण झाले असते.

५. स्थानभ्रंशाची कारणे

मार्गावरील शिळा नाहीशा होण्याची कारणे एकाच प्रकारची नाहीत. काही शिळांना शेंदूर लावून त्यांचे दैवत बनविले जाते. त्यामुळे त्या टिकतात, परंतु लेख झाकला जातो. काही शिळा त्यांच्या शिल्पाच्या लाजेने उपड्या पाडल्या जातात किंवा पुरल्या जातात. काही पायरीला, पाराला वा बांधाला लागतात. रस्त्याची पातळी वाढत गेली की कडेचा दगड खाली जातो. मुंबईत सेंट थॉमस चर्चपासून अंतर दाखविणारे कंपनीकाळातील मैलाचे दगड याच कारणाने अर्धेमुर्धे गाडले गेले होते.

या परिसरात सर्वांत मोठे कारण मात्र नगरविस्ताराचे आहे. १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणला लोहमार्ग आला, आणि वाटांची जुनी श्रेणी बदलली. १९६२ नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती वागळे इस्टेट व डोंबिवली येथे उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये ठाणे व १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आल्या. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालची सत्तावीस गावे १९८३ मध्ये महानगरपालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. अशा फेरबदलांत गावाची वेस ही संकल्पनाच व्यवहारातून नाहीशी होते. वेस गेली की वेशीवरच्या दगडाला अडथळ्यापलीकडे अर्थ उरत नाही.

संरक्षणाचा कायदा आहे. १९५८ चा केंद्रीय कायदा व १९६० चा राज्याचा कायदा प्राचीन स्मारकांना लागू होतात. परंतु संरक्षण मिळते ते प्रामुख्याने घोषित स्मारकास. अंबरनाथच्या मंदिरासारखी वास्तू त्या कक्षेत येते, पण बांधावरच्या सुट्या दगडाचे नाव यादीत नसते, आणि यादीत घालण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी लागते.

६. उपसंहार

यावरून कोणत्या प्रकारचे कार्य निकडीचे आहे हे स्पष्ट होते. शिलाहारांचे लेख वा. वि. मिराशी यांनी १९७७ मध्ये एकत्र संपादित केले, आणि मराठी कोरीव लेखांचा संग्रह शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ मध्ये सिद्ध केला. त्यामुळे पाठाच्या बाबतीत अभ्यासकास भक्कम आधार आहे. तसा आधार स्थानांच्या बाबतीत उभा राहावयाचा आहे. प्रत्येक शिळेचे गाव व गट क्रमांक, तिच्या दर्शनी बाजूची दिशा, जमिनीवरील व खालील उंची, नजीकची वाट, तळे, मंदिर व शिव यांपासूनचे अंतर, तिला गावात असलेले नाव आणि तिच्याविषयीची समजूत, हलविली गेली असल्यास कोठून व कोणाच्या आठवणीत, एवढी माहिती नमुन्यात भरून जुन्या गावनकाशावर मांडता येते. या कामाला लेखविद्येतील प्रावीण्य अनिवार्य नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लहान गटांना एकेक तालुका वाटून घेऊन ते करता येण्यासारखे आहे.

शिळा संग्रहालयात नेणे काही प्रसंगी अटळ ठरते, आणि रस्ता रुंद होताना ती फुटण्यापेक्षा ते श्रेयस्करही आहे. परंतु हलविण्यापूर्वी तिची जागा नोंदविली गेली नाही तर जे संग्रहालयात पोहोचते ते अर्धेच असते. अक्षरांचा ठसा कागदावर उतरवून ठेवता येतो, झिजलेले अक्षर दुसऱ्या लेखावरून भरून काढता येते. हरवलेल्या जागेचा मात्र ठसा घेता येत नाही. ज्या वृद्ध ग्रामस्थांना या शिळा मूळ जागी पाहिल्याचे आठवते ती पिढी आज अखेरच्या टप्प्यात आहे. म्हणून लेखांच्या वाचनाला काही वर्षे थांबता येईल, स्थानांच्या नोंदीला ती सवड नाही.