बहुफलक मार्गक्रमण

बहुफलक मार्गक्रमण ही संगणकाच्या पडद्यावर माहितीची मांडणी करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत एकाच खिडकीचे दोन किंवा अधिक फलक पाडले जातात आणि बहुतेक प्रकारांत एका फलकातील निवडीनुसार शेजारच्या फलकातील मजकूर बदलतो. फाइल व्यवस्थापक, ईमेल वाचण्याच्या आज्ञावल्या आणि प्रोग्रॅम लिहिण्याची साधने यांत ही मांडणी सर्रास आढळते. आपण कोठे आहोत आणि कोठून आलो, हे वापरकर्त्याला एकाच दृष्टिक्षेपात कळते, हा तिचा मुख्य लाभ होय. मात्र कोणता फलक सक्रिय आहे हे स्पष्ट नसेल, तर भलतीच फाइल पुसली जाण्याचा धोका संभवतो.

इतिहास

या पद्धतीचा एक आरंभीचा नमुना अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात स्मॉलटॉक भाषेसाठी तयार झालेल्या ब्राउझरमध्ये दिसतो. त्याच्या विकासात लॅरी टेस्लर यांचा प्रमुख वाटा होता. स्मॉलटॉक-८० मध्ये वरच्या बाजूस चार याद्या शेजारी शेजारी असत व खाली निवडलेल्या भागाची संहिता दिसे. १९८० मध्ये येल विद्यापीठात मार्क मिलर यांनी याच्याशी मिळतीजुळती रचना स्वतंत्रपणे शोधली. ती 'मिलर स्तंभ' या नावाने ओळखली जाते. पुढे नेक्स्टस्टेप या प्रणालीने ती स्वीकारली आणि तिच्याच वारशातून २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेनच्या फाइंडरमध्ये ती आली.

जॉन सोचा यांनी लिहिलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्टन कमांडर या डॉसवरील आज्ञावलीने दोन समान फलकांची मांडणी लोकप्रिय केली. विंडोज ९५ मधील एक्सप्लोररमुळे डावीकडे फोल्डरांचा वृक्ष व उजवीकडे त्यांतील फाइली ही रचना घरोघरी पोहोचली.

प्रकार

वृक्ष आणि यादी: डावा फलक रचना दाखवतो, उजवा आशय दाखवतो.

मिलर स्तंभ: प्रत्येक पातळीसाठी स्वतंत्र स्तंभ उघडतो. खोलवर गेले तरी मागच्या पातळ्या डोळ्यांसमोर राहतात; मात्र आडवी जागा फार लागते.

तीन फलक: ईमेलमध्ये कप्पे, पत्रांची यादी आणि निवडलेले पत्र अशी चढती विशेषता असते.

दोन समान फलक: येथे एका फलकातील निवड दुसऱ्यास बदलत नाही. सक्रिय फलक हे उगमस्थान आणि दुसरा फलक हे गंतव्यस्थान मानले जाते. नॉर्टन कमांडरमध्ये टॅब कळीने फलक बदलतो व एफ५ कळीने प्रत निघते.

रचनेची तत्त्वे

निवड आणि रोख या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निवड म्हणजे फलकात उठावाने दाखवलेली नोंद. रोख म्हणजे कळफलकाच्या आज्ञा सध्या जेथे पोहोचतात तो घटक. प्रत्येक फलकात निवड असू शकते, पण रोख एका वेळी एकाच ठिकाणी असतो. उदाहरणार्थ, डावीकडे फोल्डर व उजवीकडे त्यातील एक फाइल निवडलेली आहे. वापरकर्त्याने फाइल पुसण्याच्या हेतूने डिलीट कळ दाबली आणि रोख डावीकडे असला, तर ती आज्ञा संपूर्ण फोल्डरला लागू होते. म्हणून सक्रिय फलकातील निवड ठळक व इतर फलकांतील निवड फिकट दाखवावी, आणि पुसण्यापूर्वीच्या सूचनेत त्या वस्तूचे नाव व प्रकार लिहावा. 'आपली खात्री आहे का?' एवढाच प्रश्न अशा वेळी अपुरा ठरतो.

फलकांमधील विभाजक सरकवता यावा, त्याची जागा पुढच्या वेळी लक्षात ठेवली जावी आणि प्रत्येक फलकाला किमान रुंदी असावी. खिडकी अरुंद झाल्यास सर्व फलक सारखेच आक्रसण्याऐवजी कमी महत्त्वाचा फलक मिटवणे श्रेयस्कर. मिटवलेला फलक परत आणण्याचा मार्ग मात्र दृष्टीस पडला पाहिजे.

सुगम्यता

माऊस वापरू न शकणाऱ्या आणि पडदावाचकाच्या साहाय्याने काम करणाऱ्या व्यक्तींसाठी या मांडणीत विशेष दक्षता लागते. विंडोजमध्ये एका फलकातून दुसऱ्यात जाण्यासाठी एफ६ कळ वापरण्याचा संकेत आहे. प्रत्येक फलकाला पडदावाचक उच्चारू शकेल असे नाव असावे. अन्यथा दृष्टिहीन व्यक्तीला केवळ 'यादी', 'यादी' एवढेच ऐकू येते. संकेतस्थळांसाठीच्या सुगम्यता मार्गदर्शिकेच्या २०२३ मधील २.२ या आवृत्तीत, ओढून करावयाच्या क्रियेला न ओढता करता येणारा पर्याय असावा असा निकष आहे. विभाजकालाही हे तत्त्व लागू करता येते.

देवनागरी मजकुराचा विचार

देवनागरीत वेलांटी, मात्रा व अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली येतात. त्यामुळे रोमन लिपीसाठी ठरवलेली ओळीची उंची पुष्कळदा तोकडी पडते. अरुंद फलकात 'इयत्ता दहावी मराठी सराव प्रश्नपत्रिका १' आणि '२' ही नावे शेवटी छाटली, तर दोन्ही सारखीच दिसतात. ती मध्यभागी छाटल्यास भेद कायम राहतो. छाटताना जोडाक्षर फुटू देऊ नये. क्रमवारीही मराठीच्या वर्णमालेनुसार असावी. युनिकोडच्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल' च्या लगेच पुढे येतो, तर मराठी वर्णमालेत त्याचे स्थान 'ह' नंतर आहे. क्रम केवळ क्रमांकांवर सोडल्यास लांब यादीत 'ळ' असलेली नावे वाचकाच्या अपेक्षित जागी सापडत नाहीत.

हेही पाहा

फाइल व्यवस्थापक
स्मॉलटॉक
देवनागरी
युनिकोड