रेडिएशनमुळे शरीराचा तोल जातो का? प्राण्यांवरील प्रयोग काय सांगतात

डोक्याला रेडिएशन द्यायचे ठरले की घरच्यांचा प्रश्न हमखास येतो: "चालताना तोल जाईल का? रोजची कामे जमतील का?" इंटरनेटवर शोधले की माकडांवरील प्रयोगांची माहिती समोर येते आणि भीती आणखी वाढते.

हे प्रयोग अमेरिकेच्या हवाई दलाने टेक्सासमधील ब्रुक्स तळावर रीसस माकडांवर केले. माकडाला हलत्या खुर्चीत बसवत. खुर्ची झुकू लागली की हातातील दांडी हलवून त्याने ती समतल ठेवायची. हे काम शिकवून झाल्यावर त्याला एकदम किरणोत्सर्गाचा मोठा डोस देत. अणुयुद्धात वैमानिक विमान सांभाळू शकेल का, हे लष्कराला जाणून घ्यायचे होते. कॅन्सरच्या उपचारांशी त्याचा संबंध नव्हता. फार मोठ्या डोसनंतर काही माकडे काही मिनिटांतच काम करेनाशी होत, त्यांचा रक्तदाब घसरे. थोड्या वेळाने ती पुन्हा काम करू लागत.

तुमच्या उपचारात असा एकदम मारा नसतो. मेंदूच्या काही गाठींसाठी रोज 2 ग्रे, आठवड्यातून 5 दिवस, असे सहा आठवड्यांत 60 ग्रे देतात, तेही ठरावीक भागावरच. मधल्या वेळात निरोगी पेशी बरीचशी दुरुस्ती करून घेतात.

उंदरांवरील प्रयोग मात्र रुग्णांच्या जास्त उपयोगाचे ठरले. मेंदूला एकदाच 10 ग्रे दिल्यावर हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीच्या भागात नव्या चेतापेशी तयार होणे जवळजवळ थांबते, असे 2002 मध्ये दिसले. म्हणूनच आता संपूर्ण मेंदूला रेडिएशन देताना शक्य तेथे हा भाग वाचवतात. तुमच्या रुग्णाला ते शक्य आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

तोल जाण्याचे खापर दर वेळी रेडिएशनवर फोडू नका. कारण मूळ गाठ किंवा तिच्याभोवतीची सूज असू शकते. झटक्यांसाठीच्या फिनायटोइनचे प्रमाण जास्त झाले तरी चाल अडखळते. डेक्सामेथासोन बरेच दिवस घेतल्यास मांड्यांचे स्नायू कमजोर होतात, जमिनीवरून उठणे जड जाते. पण ही गोळी स्वतःहून बंद करू नका, ते धोक्याचे आहे. तोल एकाएकी जाऊ लागला, सोबत तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा एका बाजूच्या हातापायातली ताकद कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.