मॅग्डलिन लाँड्री : आयर्लंडने कोंडून ठेवलेल्या बायकांना सरकारने पैसे दिले, पण ते नेमके कसले होते?

१९९३ साली आयर्लंडची राजधानी डब्लिनमध्ये हाय पार्क नावाच्या कॉन्व्हेंटने आपली काही जमीन बिल्डरला विकली. अडचण एवढीच होती की त्या जमिनीत एक दफनभूमी होती. तिथले मृतदेह हलवायला सरकारी परवानगी लागते. कॉन्व्हेंटच्या ननांनी १३३ बायकांची परवानगी काढली. खोदकाम सुरू झालं आणि मृतदेह निघाले १५५.

म्हणजे २२ बायका हिशोबातच नव्हत्या. ज्या हिशोबात होत्या, त्यांच्यातल्याही अनेकींच्या मृत्यूचा दाखला सापडला नाही. काहींची तर खरी नावंसुद्धा माहीत नव्हती, नोंद होती ती फक्त कॉन्व्हेंटने ठेवलेल्या नावाची. बहुतेक मृतदेहांचं दहन करून अस्थी डब्लिनच्या ग्लासनेविन स्मशानभूमीत एकत्र पुरण्यात आल्या.

या बायका नन नव्हत्या. त्या हाय पार्कच्या लाँड्रीत कपडे धुवायच्या. पगार नव्हता, आणि मनात आलं म्हणून गेट उघडून बाहेर पडायची सोयही नव्हती. आयर्लंडमध्ये अशा जागांना ‘मॅग्डलिन लाँड्री’ म्हणत. ज्यांचं आयुष्य तिथे गेलं त्या बायकांना पुढे सरकारने पैसे दिले, पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. सोशल मीडियावर त्या माफीचा व्हिडिओ अधूनमधून फिरत असतो. त्यानंतर काय झालं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

लाँड्री म्हणजे नेमकं काय?

बायबलमधल्या मग्दालिया मरीयेवरून हे नाव आलं. परंपरेने तिला पश्चात्ताप झालेली पापी स्त्री मानलं. पाय घसरलेल्या बायकांना आसरा द्यायचा आणि कष्टाने त्यांचं पाप धुऊन काढायचं, अशी मूळ कल्पना होती. डब्लिनमधलं पहिलं मॅग्डलिन आश्रयगृह १७६७ साली लेडी अर्बेला डेनी या प्रोटेस्टंट बाईंनी काढलं. नंतरच्या काळात बहुतेक संस्था कॅथलिक ननांच्या हातात गेल्या.

१९२२ मध्ये आयर्लंड स्वतंत्र झाल्यापासूनच्या काळाचा जो सरकारी तपास झाला, त्यात अशा १० लाँड्री होत्या. त्या चार धर्मसंघ चालवायचे : सिस्टर्स ऑफ मर्सी, रिलिजस सिस्टर्स ऑफ चॅरिटी, सिस्टर्स ऑफ अवर लेडी ऑफ चॅरिटी आणि गुड शेफर्ड सिस्टर्स. (नावात साम्य आहे म्हणून सांगतो, मदर तेरेसांची मिशनरीज ऑफ चॅरिटी ती यातली नव्हे.) शेवटची लाँड्री डब्लिनच्या शॉन मॅकडरमॉट स्ट्रीटवर होती. ती बंद झाली ऑक्टोबर १९९६ मध्ये. म्हणजे आपल्याकडे घरोघरी केबल टीव्ही पोहोचत होता, तोवर हे सुरू होतं.

आत कोण जायचं? लग्नाआधी मूल झालेल्या मुली होत्या, पण फक्त त्याच होत्या असं नाही. आईबाप नसलेल्या, घरात अत्याचार झालेल्या, किरकोळ चोरीत सापडलेल्या, बुद्धीने थोड्या मंद समजल्या गेलेल्या, नाहीतर नुसत्याच घरच्यांना जड झालेल्या मुलीही होत्या. सर्वात लहान मुलगी ९ वर्षांची होती आणि सर्वात वयस्कर बाई ८९ वर्षांची. अनेकींना आत जाताच नवीन नाव दिलं जायचं, केस कापले जायचे. हॉटेलं, हॉस्पिटलं, सरकारी खाती, अगदी लष्कराचेही कपडे तिथे धुवायला यायचे. धुलाईचे पैसे ननांकडे जायचे. बाई पळालीच, तर पोलिसांनी तिला धरून परत आणल्याच्याही घटना आहेत.

‘तो खासगी मामला आहे’

आयर्लंडने २००२ साली भरपाईची एक मोठी योजना आणली होती. ती मुलांसाठीच्या निवासी संस्थांची होती, तिथे लहानपणी ज्यांचा छळ झाला त्यांच्यासाठी. त्यात मॅग्डलिन लाँड्री घेतल्याच नाहीत. सरकारचं म्हणणं साधं होतं : या संस्था खासगी, बायका आपापल्या मर्जीने किंवा घरच्यांच्या मर्जीने गेल्या, आमचा संबंध काय? २००९ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी एका पत्रात हेच लिहिलं, आणि वर या बायकांचा उल्लेख लाँड्रीच्या ‘माजी कर्मचारी’ असा केला. ज्यांना एक पैसा पगार मिळाला नाही त्या कर्मचारी! त्यावर ओरड झाली आणि मंत्र्यांना शब्द मागे घ्यावा लागला.

‘जस्टिस फॉर मॅग्डलिन्स’ नावाचा छोटा गट तेव्हा कागदपत्रं गोळा करत होता. देशात कुणी दाद देईना, तेव्हा त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीकडे धाव घेतली. जून २०११ मध्ये त्या समितीने आयर्लंडला चौकशी करायला सांगितलं. मग सरकारने सिनेटर मार्टिन मॅकअलीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल ५ फेब्रुवारी २०१३ रोजी आला.

त्यातला एक आकडा सरकारला अडचणीत आणणारा होता. १९२२ नंतर सुमारे १०,००० बायका या लाँड्रींमध्ये गेल्या होत्या. त्या कोणत्या मार्गाने आल्या हे ज्या नोंदींतून कळलं, त्यातल्या २६.५ टक्के नोंदींमध्ये सरकारचा हात होता. न्यायालयांनी पाठवलेल्या, सरकारी दवाखान्यांनी पाठवलेल्या, औद्योगिक शाळांमधून थेट इकडे वळवलेल्या. धुलाईची सरकारी कंत्राटंही होतीच. खासगी मामल्याचं कारण तिथेच संपलं.

पंतप्रधान एंडा केनी पहिल्या दिवशी जे बोलले ते गुळमुळीत होतं, आणि बायका चिडल्या. दोन आठवड्यांनी, १९ फेब्रुवारीला, त्यांनी संसदेत देशाच्या वतीने सरळ माफी मागितली. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. प्रेक्षागृहात त्या बायका बसल्या होत्या. फिरणारा व्हिडिओ तो हाच.

पैसे किती, आणि कशाचे?

माफीनंतर न्यायमूर्ती जॉन क्वर्क यांना योजना आखायला सांगितलं. रक्कम ठरली ती लाँड्रीत किती काळ काढला यावर. तीन महिने किंवा त्याहून कमी काळ असेल, तर ११,५०० युरो. दहा वर्षं किंवा जास्त असेल, तर १ लाख युरो. तेव्हाच्या दराने साधारण ९ लाख ते ८० लाख रुपये. रक्कम ५०,००० युरोच्या वर गेली तर वरचे पैसे एकरकमी नाहीत, दर आठवड्याला थोडे थोडे. शिवाय सरकारी पेन्शनइतकी रक्कम आणि वैद्यकीय कार्ड. लाँड्रीत केलेल्या कामाच्या नोंदी विम्याच्या खात्यात कधी भरल्याच गेल्या नव्हत्या, त्यामुळे म्हातारपणी या बायकांची पेन्शन तुटपुंजी होती. पेन्शनची तरतूद म्हणूनच महत्त्वाची.

आता मूळ मुद्दा. ही नुकसानभरपाई नव्हती. कायद्याच्या भाषेत ते सानुग्रह अनुदान होतं. हा शब्द आपल्याला परका नाही. पूर आला, दरड कोसळली की जाहीर होतं ते. सानुग्रह म्हणजे कृपा म्हणून दिलेलं. देणाऱ्याने चूक कबूल केलेली नसते आणि घेणाऱ्याचा त्यावर हक्क नसतो. पैसे घेण्याआधी प्रत्येक बाईला लिहून द्यावं लागत होतं की या प्रकरणात मी सरकारवर खटला भरणार नाही. संसदेत माफी मागणाऱ्या सरकारनेच न्यायालयाचा रस्ता असा बंद करून घेतला. पैशांची नड असलेली सत्तर-ऐंशी वर्षांची बाई यावर सही करणार नाही तर काय करणार?

आणि काळ मोजायचा कशावरून? रजिस्टरवरून. रजिस्टर कुणाचं? ननांचं. बाई म्हणते मी सहा वर्षं होते, वहीत दोन दिसतात. काही ठिकाणची वही तर उपलब्धच नव्हती. हाय पार्कची २२ माणसांची चूक आठवा, म्हणजे या वह्यांवर किती विसंबायचं ते कळेल.

एकाच आवारातली दुसरी इमारत

सर्वात विचित्र प्रकार यापुढचा. कित्येक लाँड्रींच्या आवारातच मुलींची वसतिगृहं, ‘ट्रेनिंग सेंटर’ किंवा औद्योगिक शाळा होत्या. तिथल्या मुली लाँड्रीत कामाला जुंपल्या जात, पण त्यांचं नाव नोंदलेलं असे शेजारच्या संस्थेत. त्यांनी अर्ज केला तेव्हा न्याय खात्याने सांगितलं, तुम्ही लाँड्रीत राहत नव्हता, तुम्ही बसत नाही.

अशीच एक जागा म्हणजे हाय पार्कच्या आवारातलं ‘अन ग्रिअनान’. गायिका शिनेड ओ’कॉनर किशोरवयात तिथे होती. १९९२ मध्ये अमेरिकन टीव्हीवर तिने पोपचा फोटो टराटरा फाडला, तेव्हा जगाने तिला वेडी ठरवलं. त्या रागामागे काय काय होतं हे लोकांना फार उशिरा समजलं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये आयर्लंडचे लोकपाल पीटर टिंडल यांनी या कारभारावर अहवाल दिला. खात्याने नियम चुकीचे लावले, बायकांच्या सांगण्याला पुरेसं वजन न देता ननांच्या नोंदींवर नको इतका भरवसा ठेवला, आणि ज्या बायकांची निर्णय घेण्याची क्षमता कमी मानली गेली त्यांचे मंजूर पैसेही अडकवून ठेवले, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. खातं आधी ऐकेना. शेवटी २०१८ मध्ये सरकारने शेजारच्या आणखी काही संस्था यादीत घेतल्या आणि नाकारलेले अर्ज पुन्हा तपासले.

एकूण ८०० हून जास्त बायकांना ३ कोटी युरोंपेक्षा अधिक रक्कम मिळाली. आत गेल्या होत्या १०,०००. बहुतेक जणी माफीच्या आधीच वारल्या होत्या.

आणि चार धर्मसंघांनी किती दिले? शून्य. जुलै २०१३ मध्ये त्यांनी सरकारला कळवलं की आम्ही या निधीत पैसे टाकणार नाही. कागदपत्रं देऊ, आमच्याकडे अजून राहणाऱ्या वृद्ध बायकांना सांभाळू, पण पैसे नाहीत. सरकारकडे सक्ती करायचा मार्ग नव्हता, किंवा शोधायची इच्छा नव्हती. मला दुसरं कारण जास्त पटतं.

पैशांपलीकडचं एक काम मात्र नीट झालं. जून २०१८ मध्ये ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात विखुरलेल्या दोनशेहून अधिक बायकांना दोन दिवस डब्लिनला बोलावलं. राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी त्यांना आपल्या निवासस्थानी बोलावून माफी मागितली. संध्याकाळी बसमधून उतरताना रस्त्यावर लोक टाळ्या वाजवत उभे होते. यातल्या अनेकींनी तोवर नवऱ्याला आणि मुलांनासुद्धा आपण कुठे होतो हे सांगितलेलं नव्हतं. त्याच वर्षी शॉन मॅकडरमॉट स्ट्रीटवरची शेवटची लाँड्री हॉटेल कंपनीला विकायचा प्रस्ताव महापालिकेच्या नगरसेवकांनी फेटाळला. आता तिथे राष्ट्रीय स्मृती आणि संशोधन केंद्र उभं करायचं ठरलं आहे.

‘मदर अँड बेबी होम’ची योजना वेगळी आहे का?

हो, आणि ऑनलाइन चर्चेत या दोन्हींची सर्रास गल्लत होते. लाँड्रीत बायका राबायच्या. मदर अँड बेबी होममध्ये कुमारी मातांना बाळंतपणासाठी ठेवलं जायचं आणि बरीचशी मुलं दत्तक जायची. जुडी डेंचचा ‘फिलोमिना’ हा सिनेमा या दुसऱ्या प्रकारावर आहे. या गृहांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. तपासलेल्या १८ संस्थांमध्ये सुमारे ५६,००० माता आणि ५७,००० मुलं होती, आणि त्यातली जवळपास ९,००० मुलं दगावली. ट्यूम गावातल्या गृहात मेलेल्या ७९६ मुलांच्या दफनाची नोंदच नाही, हे कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी शोधून काढलं. तिथलं उत्खनन जुलै २०२५ मध्ये सुरू झालं. ते गृह चालवणाऱ्या बॉन सेकूर सिस्टर्सनी १ कोटी २९ लाख ७० हजार युरो द्यायची तयारी दाखवली आहे.

या गृहांसाठीची ८० कोटी युरोंची योजना मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. सुमारे ३४,००० लोक तिच्यात बसतात. आई कितीही दिवस राहिली असली तरी तिला पैसे मिळतात, पण मुलाला मिळण्यासाठी ते गृहात किमान सहा महिने असायला हवं. या एका अटीमुळे सुमारे २४,००० जण बाहेर राहिले. सरकारचं म्हणणं, त्याहून लहान बाळाला तिथलं काही आठवत नसणार. पाचव्या महिन्यात आईपासून तोडून दत्तक दिलेलं मूल या हिशोबाने अपात्र ठरतं. पैसे स्वीकारणाऱ्यांना सरकारवर खटला भरणार नाही हे इथेही लिहून द्यावं लागतं.