पडद्यावरचा दुकानदार

गिऱ्हाइकाला नांवानें ओळखणारा दुकानदार कारखानदारीच्या युगांत दिसेनासा झाला. जाहिरातींत त्याच्या जागीं भाडोत्री नट आला. हा तुटलेला संवाद यूट्यूबवर पुनः कसा जुळला, याचें नमुनेदार उदाहरण अमेरिकेंतील यूटा संस्थानांत सांपडतें. ब्लेंडटेक कंपनीचे संस्थापक टॉम डिक्सन मिक्सरचा कस पाहण्यासाठीं त्यांत लांकडें घालीत. २००६ सालीं हाच खटाटोप कंपनीनें थोडक्या डॉलरांत चित्रित केला. पांढरा डगला घातलेल्या या गृहस्थांनीं आधीं गोट्या दळल्या, २००७ सालीं तर आयफोनच दळला! (आमच्या गृहिणी याला नासाडीच म्हणतील.) परंतु मालक स्वतः पुढें येऊन आपल्या मालाची उघड परीक्षा देतो, यांतच त्या चित्रफितींचें बळ होतें असें आम्हांस वाटतें. विक्री वाढलीच; शिवाय पुढें काय दळावें, हें प्रेक्षकच कळवूं लागले.