तरवारीच्या धारेतून तंबोऱ्याचा सूर

श्रोतेहो, भंडाऱ्याच्या बाजारात पितळेचा गुंड घेताना आपली आजी काय करीत असे, आठवते ना? बोटाने टिचकी मारायची आणि कान द्यायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत. असाच कान मिरजेच्या तंबोरा करणाऱ्यालाही लागतो.

मिरजेत हा धंदा उभा राहिला तो शिकलगारांच्या हातून. शिकलगार म्हणजे तरवारी घासून त्यांना धार देणारे. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रजी अंमल बसला, आणि हत्यारांना गिऱ्हाईक उरेना. स्टील आल्यावर आपल्याकडे पितळेच्या कारागिरांवर आली तशीच वेळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यदुरुस्तीला हात घातला आणि पुढे स्वतःच तंबोरे, सतारी घडविल्या. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय लाभला. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचे. पण भोपळ्याला दांडी जोडली की झाला तंबोरा, असे कोणी समजू नये!

खरी कसोटी घोडीची. युरोपात चेलो करणारा लाकडाची फळी हलके हलके तासून आवाज शोधतो. आमचा कारागीर तारांखालच्या घोडीचा माथा कानशीने घासून. हा माथा दिसतो सपाट, पण त्याला किंचित उतार असतो. थरथरणारी तार त्या उताराला निसटती शिवत राहते, आणि मूळ स्वराबरोबर वरचेही अनेक स्वर उमटतात. हीच जवारी. केसभर जास्त घासले की सूर मुका झालाच. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीच्या करामतीवर शास्त्रीय लेख लिहिला होता. पोलादावर केसभर घासण्याची शिकलगारांची सवय इथे कामी आली असावी, असे मला वाटते.

पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे सुराविषयी कमालीचे चोखंदळ गवई मिरजेत राहिले. असे गिऱ्हाईक दाराशी असल्यावर कारागिराची काय बिशाद! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी आता पुष्कळ ठिकाणी विजेवरच्या तंबोऱ्यावर भागवतात. खेड्यात सोय म्हणून ते ठीकच. पण त्याला घोडी नाही.

शिक्षकबंधूंनो, जवळपास कोठे तंबोरा असेल तर घोडीवरचा सुती दोरा तारेखाली अलगद मागेपुढे सरकवून पाहा. एका जागी सूर एकदम उमलतो; दोरा काढा, मावळतो. मग मुलांना डोळे मिटायला सांगा आणि विचारा, आता दोरा आहे की नाही?