ताटाची डावी बाजू, दोन स्लाइसमध्ये

सुलतान बाजारवरचं लेखन बहुतेक तीन गोष्टींभोवती फिरतं: रेसिडेन्सीची इमारत, निजामी काळातल्या चळवळी आणि साड्यांची दुकानं. या टिपणात मी चौथी गोष्ट घेतो आहे. ती म्हणजे इथल्या मराठी घरात होणारं, चीज आणि मेथांबा घालून तव्यावर भाजलेलं सँडविच. विषय हलका वाटेल. पण या सँडविचमधल्या पावाला आणि चीजला घरात शिरण्यासाठी परवानगी लागली होती. ती कोणत्या अटीवर मिळाली, हे पाहिलं तर चळवळींच्या इतिहासात न सापडणारं बरंच काही हाती लागतं.

आधी जागा समजून घेऊ. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हा ब्रिटिश रेसिडेंट असताना, १८०३ च्या सुमारास, कोठीच्या भव्य इमारतीचं काम सुरू झालं. आराखडा सॅम्युअल रसेल या मद्रासच्या लष्करी इंजिनियरचा. इमारतीभोवती बाजार वसला तो रेसिडेन्सी बाजार. इथे कायदा रेसिडेन्सीचा चाले, निजामाचा नव्हे. त्यामुळे सावकारांना हा भाग सुरक्षित वाटला, आणि शहरात इतरत्र अवघड असणाऱ्या सभा-संस्थांनाही. १८९२ मध्ये इथे आर्य समाज सुरू झाला, १९०१ मध्ये तेलुगू भाषकांचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम, आणि १९०७ मध्ये जवळच मराठी मंडळींची विवेक वर्धिनी शाळा. १९३३ मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला आणि रेसिडेन्सी बाजाराचा सुलतान बाजार झाला. रेसिडेन्सीत १९४९ मध्ये महिला महाविद्यालय आलं. सांगायचा मुद्दा असा, की ही वस्ती पहिल्यापासून सरहद्दीवरची. कायद्याची सरहद्द, भाषेची सरहद्द, आणि म्हणून जेवणाचीही.

पाव उंबऱ्याशी

'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे आपल्याला माहीत आहे. हैदराबादेत मात्र ब्रेडला 'डबल रोटी' म्हणायची पद्धत. 'डबल का मीठा' या पक्वान्नातला 'डबल' तोच. रेसिडेन्सीतले साहेब आणि सिकंदराबादची छावणी हे पावाचं हक्काचं गिऱ्हाईक. पुढे इराणी हॉटेलं आली, मोझमजाही मार्केट १९३५ मध्ये उभं राहिलं, १९५३ मध्ये तिथे कराची बेकरी निघाली. म्हणजे सुलतान बाजारातल्या मराठी घराला ताजा पाव पायी अंतरावर होता. अडचण अंतराची नव्हतीच.

अडचण दोन प्रकारची होती. एक, पाव कशाने फुगवला? गोव्याकडे पाव माडाच्या ताडीने फुगवत, आणि ताडी म्हणजे मद्य. दोन, कोणाच्या हातचा? बेकरीवाला मुसलमान किंवा इराणी, खाणारा सोवळ्यातला. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या कहाण्या कोकणात पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांत पावापेक्षा पावाची भीतीच जास्त दिसते.

ही भीती सुशिक्षितांतही किती होती, हे पुण्याच्या पंचहौद मिशन प्रकरणावरून कळतं. १८९० च्या ऑक्टोबरात तिथल्या कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर मंडळींची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि सुधारकांची नाराजी ओढवून घेतली. एक कप चहा आणि भट्टीत भाजलेलं बिस्किट, त्यावर दोन वर्षं वाद!

ही झाली पुण्यातली जाहीर लढाई. सुलतान बाजारात ती घरोघर, आवाज न करता लढली गेली. इथे मी आमच्याच कुटुंबातलं उदाहरण देतो. बडी चावडीजवळ राहणाऱ्या माझ्या आत्याच्या घरी पाव आला तो औषध म्हणून. डॉक्टरांनी तापकऱ्याला दूध-पाव सांगितला, की आजी नाही म्हणत नसे. पण तो पाव स्वयंपाकघरात यायचा नाही. पडवीतल्या फळीवर राहायचा आणि तिथेच रॉकेलच्या स्टोवर जाळी ठेवून भाजला जायचा. ताटली वेगळी. मग बऱ्या झालेल्या मुलांनाही पाव हवासा वाटू लागला. "अजून अशक्तपणा आहे गं आई" हे वाक्य त्या घरात फार चाले म्हणे. आजारपणाची मुदत पावासाठी वाढवली जात होती!

पाव शेवटी आत गेला तो सत्तरच्या दशकात, गॅसबरोबर. माझ्यातला इंजिनियर इथे थांबतो. जमिनीवरची चूल जाऊन उभा ओटा आला, शेगडी दोन बर्नरची आली, पडवीतला स्टो मोडीत गेला. मग टोस्ट कुठे भाजणार? वरणाच्या शेजारच्या बर्नरवर. आजीने कोणताही सुधारणावादी लेख वाचला नव्हता. तिचा नियम पावाविरुद्धचा तर होताच, पण तो टिकून होता तो दोन वेगळ्या विस्तवांवर. विस्तव एक झाला आणि नियमाला उभं राहायला जागा उरली नाही.

दूध नासवणं

पाव आत आला, तरी चीज लगेच आलं नाही. मराठीत दूध फाटण्याला 'नासणं' म्हणतात, आणि नासणं म्हणजे बिघडणं. मुद्दाम दूध नासवायचं ही कल्पनाच आपल्या गृहिणीला न पटणारी. नासलंच तर त्यात साखर घालून आटवायचं, फुकट जाऊ द्यायचं नाही, इतकंच. दुधाचं घट्ट रूप आपण आवडीने खात होतो ते खरवसाचं. पण तो चिकाचा, गूळ-वेलदोडा घालून वाफवलेला, आणि त्याला नासवावं लागत नाही. चिकातली प्रथिनं उष्णतेने आपोआप धरतात.

दुसरा आक्षेप जास्त नेमका होता. युरोपातलं पारंपरिक चीज रेनेटने जमवतात, आणि रेनेट वासराच्या जठरातून काढलेलं असतं. शाकाहारी घराला हे कळलं, की विषय संपला. आज बुरशीपासून मिळवलेलं रेनेट सर्रास वापरतात आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो, म्हणून हा प्रश्न कोणी विचारत नाही. एकेकाळी तो खरा प्रश्न होता.

देशी चीज घराघरांत पोचलं त्याचं मोठं श्रेय आणंदच्या सहकारी डेअरीला, म्हणजे अमूलला. हा संघ १९४६ चा. तिथल्या हरिचंद दलाया यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखवली, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून म्हशीच्याच दुधाचं चीज तिथे मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं. हे चीज 'प्रोसेस्ड' होतं. म्हणजे काय? मूळ चीज तापवलं की त्यातलं तूप सुटतं आणि प्रथिनांचा चिवट गोळा उरतो. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या गर्बर आणि श्टेटलर यांनी त्यात सोडियम सायट्रेट घातलं. सायट्रेट प्रथिनांना जखडून ठेवणारं कॅल्शियम काढून घेतं. मोकळी झालेली प्रथिनं तूप आणि पाणी दोन्ही धरून ठेवतात. १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्टने आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. असं चीज डब्यात भरून टिकतं, उन्हाळ्यात तग धरतं आणि तव्यावर फुटत नाही. फ्रीज नसलेल्या, पंख्याखाली दुपार काढणाऱ्या हैदराबादी घरासाठी हा गुण महत्त्वाचा होता.

आणि हो, दखनी बोलणाऱ्या शहरात 'चीज' म्हणजे वस्तू, गाणाऱ्यांची चीज वेगळी, मराठीत कष्टाचंही चीज होतं. आत्याचे यजमान डबा पाहून विचारायचे, "ये क्या चीज है?" आणि उत्तर यायचं, "चीजच आहे!" घरातला हा विनोद चाळीस वर्षं टिकला.

डावी बाजू

आता गोड आणि तिखटमिठाचं एकत्र का? चीजबरोबर जॅम किंवा मध ही पाश्चात्त्य रीत आहे, तिची नक्कल म्हणून हे सँडविच आलं असं मानणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आपलं ताट आठवा. उजवीकडे भाजी-आमटी, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं आणि त्याच रांगेत साखरांबा किंवा मेथांबा. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी येते. आमटीतही गूळ पडतो. गोडाचा सांजा आणि तिखटमिठाचा सांजा एकाच परातीतल्या रव्याचे. मराठी जेवणात गोड हा शेवटचा अंक नाही. तो घासाघासाला तिखटाशी बोलत असतो. शहराची साथही होतीच. इराण्याकडच्या चहाबरोबरचं उस्मानिया बिस्किट गोड आणि खारट एकाच वेळी असतं.

मेथांबा तर एकटाच गोड, आंबट, तिखट, खारट आणि कडू. चीजचा खारट-स्निग्ध थर त्याला मिळाला की ताटाची डावी बाजू दोन स्लाइसमध्ये बंद होते. माझ्या मते पाव परका, चीज परकं, पण त्यांना एकत्र आणणारी जीभ पूर्णपणे आपली आहे.

कृती, कारणांसहित

मेथांब्यासाठी एका मोठ्या कैरीच्या साल काढलेल्या बारीक फोडी. तेलात मोहरी, हिंग, हळद आणि चमचाभर मेथीदाणे. मेथ्या तांबूस झाल्या की थांबायचं, काळ्या झाल्या तर कडवट होतात. फोडी घालून झाकण ठेवायचं. मऊ झाल्या की फोडींइतकाच चिरलेला गूळ, लाल तिखट, मीठ. रस काकवीसारखा दाट झाला की उतरवायचा. सँडविचसाठी तो नेहमीपेक्षा दाटच हवा.

आता थरांचा क्रम: पाव, चीज, मेथांबा, चीज, पाव. यात चूष नाही. मेथांबा पावाला लागला तर पाव भिजतो, आणि पावात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. पाव तांबूस व्हायला एकशेचाळीसच्या पुढे जावं लागतं. शिवाय गूळ बाहेर गळून तव्यावर पडला की करपतो. दोन्ही बाजूंचं चीज इथे बांधाचं काम करतं.

पावाला बाहेरून लोण्याऐवजी साजूक तूप लावा. लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो. कढवलेल्या तुपात तो उरलेला नसतो. तवा बिडाचा, जाड. आच मंद. चीज साठ-सत्तर अंशांना सैल होतं, पण पाव सच्छिद्र असल्यामुळे उष्णता आत जायला वेळ घेते. मोठ्या आचेवर बाहेर कोळसा आणि आत गार चीज, अशी गत होते. पहिली बाजू भाजताना दोन मिनिटं झाकण ठेवा, मग काढा, म्हणजे वाफेने पाव मऊ पडणार नाही. उलटल्यावर वर पाण्याने भरलेलं छोटं पातेलं ठेवून दाबा. लांब दांड्यांचा ॲल्युमिनियमचा साचा असेल तर तोही चालतो; त्याच्या कडा बंद होतात, गूळ बाहेर येत नाही. कापण्याआधी मिनिटभर थांबा, नाहीतर सगळं सुरीबरोबर बाहेर येईल.

हे का लिहून ठेवायचं

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादची मराठी माणसं आंध्रच्या राजधानीत राहिली. त्यांच्या संस्था आपण जपतो आहोत: विवेक वर्धिनी आहे, मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिथल्या अहवालांत सभा, ठराव, देणग्या सापडतात. स्वयंपाकघरातले ठराव मात्र कुठेच नोंदलेले नाहीत. पाव फळीवरून ओट्यावर कधी आला, हे कोणत्या इतिवृत्तात मिळणार?

आणि ज्या घरांतून हे कळेल ती घरं कमी होत आहेत. फेब्रुवारी २०२० पासून सुलतान बाजारातून मेट्रो धावते. त्याआधीच पडवीची घरं जाऊन मजले उठले होते. पडवी गेली की पडवीतला स्टो कुठे होता हे सांगणारी खूणही जाते; उरते ती फक्त सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या बायकांची आठवण.

म्हणून वाचकांना एक काम सांगतो. घरातल्या आजी, मावशी, काकूंना तीन प्रश्न विचारा. घरात पहिला पाव कोणासाठी आणला? तो कुठे ठेवत असत? त्याला पहिली हरकत कोणी घेतली, आणि ती कशी मिटली? उत्तरं त्यांच्याच शब्दांत, तारखेसह, गल्लीच्या नावासह लिहून मंडळाकडे पाठवा. विचारताना हे सँडविच करून पुढे ठेवलंत तर जास्त सांगतील, हा माझा अनुभव आहे.